तीन शेरे

१

भिंगरी सव्वाअकराला उठली नाही.

एरवी ती उठते म्हणजे उठतेच. चौदा महिन्यांचं पोर, सकाळी दहाला झोपतं आणि सव्वाअकराला कुणी हाक न मारता कठड्याला धरून उभं राहतं. आज मावशी खोलीत गेल्या तेव्हा ती कुशीवर पडून होती. उचललं तर मान लटकली. मावशींनी तोंडावर पाणी मारलं, तळपाय चोळले, हाका मारून घसा कोरडा केला. पोरीनं डोळे उघडले नाहीत. श्वास तेवढा चालू होता.

मला हे पावणेबाराला कळलं. मी घरगुती पाळणाघरं तपासते. औषधांच्या कपाटाला कुलूप आहे का, झोपलेल्या मुलाकडे दर पंधरा मिनिटांनी कुणी बघतं का, गॅलरीच्या गजांत पोराचं डोकं अडकेल का, हे बघायचं आणि वहीत शेरे लिहायचे. अठ्ठावीस वर्षं झाली. लोक मला पाठीमागे शेरेबाई म्हणतात. म्हणू देत. माझ्या हाताखालच्या एकाही घरात आजवर मूल दगावलेलं नाही.

फोन डॉक्टरांचा होता. भिंगरीला नेलं होतं त्या छोट्या दवाखान्याचे.

"झोपेचं काहीतरी पोटात गेलंय असं आईचं म्हणणं आहे," ते म्हणाले. "मलाही तसंच वाटतंय. पण काय दिलं, किती दिलं हे कळल्याशिवाय उतारा कसला देऊ? चुकीचा दिला तर आहे तेही हातचं जाईल. तुम्ही त्या घरी जा आणि बाटली शोधा."

"श्वास कसा आहे?"

"श्वासाची काळजी नाही. बोटाला लावलेलं यंत्र अठ्ठ्याण्णव दाखवतंय, म्हणजे रक्तात ऑक्सिजन भरपूर. पोरगी शुद्धीवर का येत नाही, ही काळजी आहे. तासाभरात सांगा. त्यानंतर सांगून उपयोग होईलच असं नाही."

मी चप्पल घालता घालता जिना उतरले.

२

मावशींचं घर दुसऱ्या मजल्यावर. बाहेरची मोठी खोली, तिच्या मागे आतली लहान खोली, आणि त्या आतल्या खोलीतूनच न्हाणीघराचं दार. पाळणाघरातल्या बाकी तीन मुलांना त्यांचे आईबाप घेऊन गेले होते. जमिनीवर ठोकळे तसेच पसरलेले.

मावशी भिंतीला टेकून बसल्या होत्या. डाव्या गालावर पाच बोटं उमटलेली. दवाखान्यात भिंगरीच्या आईनं सगळ्यांदेखत थोबाडीत मारली होती.

"मी काही दिलं नाही हो बाई," त्या म्हणाल्या. "माझ्या हातात किडे पडोत. बारा वर्षांत कुणाच्या पोराला मी साधं सर्दीचं औषध आईला विचारल्याशिवाय दिलेलं नाही."

"सगळे असंच म्हणतात."

"म्हणत असतील. मी खरं म्हणते."

त्यांनी उठून भिंतीवरचा कागद काढून माझ्या हातात दिला. तीन आठवड्यांपूर्वी मीच लिहिलेला. खाली माझी सही. एक, झोपणाऱ्या मुलांना बाहेरच्या खोलीत वर्दळीत ठेवू नये, आतली शांत खोली द्यावी. दोन, दुपटी आणि चादरी रोजच्या रोज गरम पाण्यातच धुवाव्यात. तीन, न्हाणीघराच्या खिडकीच्या काचपट्ट्या सैल आहेत, मुलांची बोटं कापतील, बंदोबस्त करावा. प्रत्येक ओळीसमोर मावशींनी लाल पेनानं बरोबरची खूण केली होती आणि तारीख घातली होती.

"तुमचा शब्द मी कधी खाली पडू दिला नाही," त्या म्हणाल्या आणि रडायला लागल्या.

माझ्याकडे रडणं ऐकायला वेळ नव्हता. मी घर पालथं घातलं. औषधांचं कपाट उंचावर, कुलूप लावलेलं, किल्ली मावशींच्या गळ्यात. आत एक तापाचं औषध, सील न फोडलेलं. स्वयंपाकघरात काही नाही, कचऱ्याच्या डब्यात काही नाही. न्हाणीघराच्या खिडकीवर पांढरी फळी ठोकलेली, कडेनं चिकटपट्टी, बोट शिरायला फट नाही. काम चोख होतं. मी मनातल्या मनात मावशींना शाबासकीसुद्धा दिली.

मग बाहेरच्या खोलीत मावशींच्या सासूबाईंच्या गादीखाली मला गोळ्यांची पट्टी सापडली. झोपेच्या गोळ्या. दहापैकी दोन गेलेल्या. सासूबाईंना दिवसाला एकच घ्यायची परवानगी होती आणि पट्टी कालच आणलेली होती.

३

सासूबाई चालायच्या आधारकाठीला धरून खुर्चीत बसल्या होत्या. ऐंशीच्या पुढे वय, पण जिभेला हाड नाही.

"दुसरी गोळी कुठे गेली?" मी विचारलं.

"पोटात."

"कुणाच्या?"

"माझ्या, आणि कुणाच्या? गुडघे ठणकत होते रात्री. एकीनं झोप आली नाही, दुसरी घेतली. सुनेला सांगू नकोस, ती डोकं खाईल माझं."

"भिंगरी सकाळी तुमच्याजवळ होती?"

"मी या खुर्चीतून नऊ वाजल्यापासून हललेली नाही. मला उठवायला दोघी लागतात. ती तीन वांड पोरं इथे माझ्या पायाशी होती आणि सून त्यांच्यात. भिंगरी आत. मधलं दार लावलेलं. पूर्वी ती इथेच झोपायची, माझ्या नजरेसमोर. तुझ्यासारखी कुणी शहाणी आली आणि तिला आत टाकायला सांगून गेली."

मी ऐकून घेतलं. म्हातारीचा राग जुना होता आणि घड्याळात साडेबारा झाले होते. आधारकाठी घेऊन, मधलं दार उघडून, सुनेच्या डोळ्यांदेखत ही बाई आत गेली असती आणि पोराला गोळी भरवून आली असती, हे शक्य नव्हतं. तिचा विषय मी तिथेच संपवला.

भिंगरीच्या आईला फोन लावला. ती औषधांच्या दुकानात काउंटरवर असते.

"मला दोन आठवड्यांपासून संशय आहे, मॅडम," ती म्हणाली. तिचा आवाज रडून रडून बसला होता. "घरी न्यायला जावं तर पोरगी मलूल. किरकिर. दोनदा गाडीत उलटी. आमच्या दुकानात रोज बायका झोपेचं सिरप मागायला येतात, पोरं शांत बसावीत म्हणून. मला कळत नाही का? पण नोकरी सोडू कशी? मावशी देवमाणूस आहेत असं स्वतःला समजावत राहिले. माझीच अक्कल गहाण पडली होती."

"रोज मलूल असायची?"

ती थांबली. "रविवारी नाही, रविवारी ती घरी असते. आणि गेल्या गुरुवारी नाही. गुरुवारी अगदी नाचत आली माझ्याकडे."

फोन ठेवून मी मावशींकडे वळले. "गेल्या गुरुवारी इथे काय वेगळं होतं?"

"काही नाही. हां, मदतनीस आली नव्हती. तिची बहीण आजारी होती. सगळं मी एकटीनं ओढलं, धुणंसुद्धा दुसऱ्या दिवसावर टाकलं."

म्हणजे मदतनीस असली की पोरगी गुंगीत, आणि नसली की ठणठणीत. मी झोपेची वही उघडली. दर पंधरा मिनिटांनी आत जाऊन पाहिल्याच्या नोंदी होत्या, काही मावशींच्या, काही मदतनिसाच्या. दहा पंधरा, झोपली. साडेदहा, झोपली. पावणेअकरा, गाढ झोप. अकरा, गाढ झोप, गाल गुलाबी. शेवटच्या दोन्ही नोंदी मदतनिसाच्या हातच्या.

"ती कुठे आहे?"

"आत्ताच गच्चीवरून आली," म्हणत मावशींनी आतल्या खोलीकडे बोट केलं. तेवढ्यात मला पाण्याचा आवाज आला.

४

न्हाणीघरात मदतनीस भिंगरीची चादर धूत होती.

माझ्या मस्तकात तिडीक गेली. नळाची धार बादलीत पडत होती, चादर फेसात बुडालेली, दुपट्यांचा ढीग बाजूला. पोरीच्या तोंडातून औषधाचा एक थेंब जरी त्या चादरीवर सांडला असता तरी आता त्याचा मागमूस उरला नव्हता.

"काय करतेस?"

"धुते," ती म्हणाली. तिशीची, हडकुळी बाई. चेहरा पांढराफटक. "सकाळी गडबडीत अर्धं राहिलं होतं."

"तिकडे पोरगी मरायला टेकली आणि तुला धुणं सुचतं?"

"हातांना काहीतरी पाहिजे होतं, बाई. नुसतं बसवत नव्हतं."

मी तिला दंडाला धरून बाहेर ओढलं, भिंगरीच्या रिकाम्या पलंगाशी बसवलं आणि मधलं दार लावून घेतलं. सासूबाईंच्या कानांवर जायला नको म्हणून. नळ बंद करायचं दोघींच्याही ध्यानात राहिलं नाही.

"काय पाजलंस तिला?"

"काही नाही."

"तू असतेस तेव्हाच ती गुंगीत असते. गुरुवारी तू नव्हतीस, गुरुवारी ती बरी होती. मला वेड्यात काढू नकोस. औषधाचं नाव सांग. पोलीस येतील तेव्हा तू आपणहून सांगितलंस असं मी म्हणेन. पण आत्ता नाव सांग, डॉक्टर थांबलेत."

"मला औषधांची नावं वाचतासुद्धा येत नाहीत."

ती खोटं बोलत असेल तर फार छान बोलत होती. मी तोच प्रश्न चार वेळा विचारला, चार बाजूंनी. ती तेच सांगत राहिली. दहाला पोरगी झोपली. मावशी बाहेरच्या खोलीत गेल्या. हिनं न्हाणीघरात धुणं काढलं, दार उघडंच ठेवून, पोरगी रडली तर ऐकू यावं म्हणून. अकरा वाजून गेल्यावर वाळत घालायला गच्चीवर गेली. बोलता बोलता ती सारखी कपाळ दाबत होती, आणि एकदा तोंडावर हात धरून तिनं उलटी मागे ढकलली.

"हे सोंग कशाला?"

"सोंग नाही हो. दोन आठवडे डोकं उठतंय माझं. धुणं करताना सुरू होतं, गच्चीवर गेलं की जरा बरं वाटतं. रविवारी सुट्टी असते तेव्हा नाही दुखत. मावशी म्हणतात चष्मा लागला असेल."

मला पुढचा प्रश्न विचारायचा होता. तो आठवेना. मी भिंतीकडे बघत बसले. भिंतीवरून पाण्याचे ओघळ उतरत होते, खोलीच्या खिडकीची काच वाफेनं आतून पांढरी झाली होती. माझ्या कानशिलांत ठोके पडत होते आणि बसल्या जागी डोळे मिटावेत असं वाटत होतं. वय झालं, धावपळ झाली, सकाळपासून पोटात काही नाही, अशी कारणं मी स्वतःला देत होते.

रविवारी नाही दुखत. भिंगरीसुद्धा रविवारी बरी असते. भिंगरी गुरुवारी बरी होती, आणि गुरुवारी धुणं निघालं नव्हतं.

मी उठले. पाय लटपटत होते. न्हाणीघराच्या दारातून वर पाहिलं तर गॅसच्या गिझरच्या छोट्या खिडकीत ज्योत निळी नव्हती. पिवळी होती, लांब, आणि वरच्या पत्र्यावर काजळी धरली होती.

मदतनिसाला मी अक्षरशः फरपटत बाहेरच्या खोलीत आणलं.

५

"डॉक्टर, बाटली नाही," मी फोनवर म्हणाले. मावशी गॅसचा कॉक बंद करून सगळी दारंखिडक्या उघडत होत्या. "औषध कुणी दिलंच नाही. गॅसचा गिझर आहे, बंद न्हाणीघरात, आणि ती त्याच्या शेजारच्या खोलीत झोपते."

मग त्यांनी फोनवरून तोंड फिरवून कुणाला तरी सांगितलेलं मला ऐकू आलं: मास्क लावा, घट्ट, पूर्ण ऑक्सिजन.

"ते यंत्र अठ्ठ्याण्णव दाखवत होतं," मी म्हणाले.

"दाखवणारच. कार्बन मोनॉक्साइड आणि ऑक्सिजन यांत त्याला फरक कळत नाही. मला कळायला हवा होता." त्यांचा आवाज पडला होता. "आईनं औषध म्हटलं आणि मी औषध धरून बसलो. दीड तास गेला."

मावशी माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. मदतनीस गॅलरीच्या दारात बसून मोठमोठे श्वास घेत होती.

"कळलं का तुम्हाला, कुणी केलं?" मावशींनी विचारलं.

कळलं होतं. मी त्यांना एकेक करून सांगितलं. गिझर सात वर्षं तिथेच होता आणि कुणाला काही झालं नव्हतं. का? दिवसातून दोन बादल्या पाणी तापायचं आणि खिडकीच्या सैल काचपट्ट्यांतून धूर बाहेर जायचा. मग दुपटी रोज गरम पाण्यात धुवायची ठरली, म्हणजे गिझर तासभर चालणार. मग खिडकीवर फळी बसली, म्हणजे हवा येणार नाही आणि धूर जाणार नाही. हवा कमी पडली की ज्योत पिवळी होते आणि धुरात हे विष वाढतं. आणि मग झोपणारी मुलं बाहेरच्या खोलीतून आतल्या खोलीत आली. बाकी तिघं सकाळी झोपत नाहीत, म्हणून ती वाचली. दुपारी सगळी झोपतात तोवर धुणं आटोपलेलं असतं. सकाळी झोपणारी एकटी भिंगरी. मदतनीस शेवटी गच्चीवर जायची, म्हणून तिचं डोकेदुखीवर भागलं. पोरीला कुठे जाता येत होतं?

"गाल गुलाबी," मी म्हणाले. "अकराची नोंद. ते झोपेनं नव्हते गुलाबी, त्या वायूनं तसे होतात."

मदतनिसानं मान खाली घातली. "मला वाटलं, किती गोड झोपलीय."

मावशी हातातल्या कागदाकडे बघत होत्या. त्यांनी तो मला दाखवला नाही. घडी घालून ओच्यात खोचला, जणू माझी लाज झाकायला. मला ते सहन झालं नाही.

तिन्ही शेरे योग्य होते. आजही कुणी विचारलं तर प्रत्येकाचं कारण मी सांगू शकते. पण खिडकी बंद करायला सांगताना त्याच खोलीतल्या गिझरकडे मी मान वर करून पाहिलं नव्हतं. माझ्या फॉर्मात खिडकीचा रकाना आहे, धुण्याचा आहे, झोपायच्या जागेचा आहे. पाणी कशावर तापतं, याचा रकाना नाही.

६

दवाखान्यात पोचले तेव्हा दीड वाजला होता. भिंगरीच्या तोंडावर मास्क होता, तिच्या चेहऱ्यापेक्षा मोठा. डॉक्टर म्हणाले, नाडी सुधारतेय. डोळे अर्धवट उघडले होते तिनं, पण बघत कुणाकडे नव्हती.

"वाचेल?" मी विचारलं.

"वाचेल असं वाटतंय. मेंदूचं आत्ता नाही सांगता येत. एकदा रडू दे तिला. रडली की मी म्हणेन, परत आली."

आई बाहेर बाकावर बसली होती. दुकानाचा निळा एप्रन अजून अंगावर. मी तिच्या शेजारी बसले. वाटेत मी काय बोलायचं ते जुळवून ठेवलं होतं, ते सगळं कुठल्या कुठे गेलं.

"मावशींनी काही केलं नाही," मी म्हणाले. "मदतनिसानंही नाही. त्यांनी मी सांगितलं तेवढंच केलं. चूक माझी आहे."

मी तिला सगळं सांगितलं. तिनं मधे एकदाही तोडलं नाही. मला वाटलं होतं ती हात उचलेल, आणि खरं सांगायचं तर तिनं उचलावा असं मला वाटत होतं. ती आपल्या तळहाताकडे बघत राहिली, ज्यानं तिनं मावशींना मारलं होतं.

"त्यांच्या पाया पडायला लागेल मला," ती म्हणाली. मग मान वळवून तिनं मला विचारलं, "अजून किती घरांत हे शेरे लिहिलेत तुम्ही?"

सकाळपासून मी एका घराचा विचार करत होते.

"खिडकीचा सहा घरांत," मी म्हणाले. "ह्याच महिन्यात."

"त्यांच्याकडे गॅसचा गिझर आहे?"

"माहीत नाही."

"मग फोन लावा ना, मॅडम. माझ्याकडे काय बघता?"

मी वही उघडली, ती नंबर वाचत गेली, मी लावत गेले. पहिल्या घरी विजेचा हिटर होता. दुसऱ्या घरी गॅसचा, पण फळी अजून बसवली नव्हती, म्हणून बाई माझी माफी मागायला लागली. तिसरं घर सुट्टीवर. चौथ्या, पाचव्या घरात पाणी चुलीवर तापवायचे, खिडकी उघडी. सहाव्या घरी फोन वाजत राहिला. कट झाला. मी पुन्हा लावला.

"हळू बोला, बाई," पलीकडची बाई कुजबुजली. "सगळी आत्ताच झोपलीत. तुम्ही सांगितलेल्या आतल्या खोलीत. आज काय किरकिर नाही की काही नाही, एकदम गाढ. मी बाहेर धुणं वाळत घालत होते, म्हणून फोन घ्यायला उशीर झाला."

"गॅसचा गिझर आहे तुमच्याकडे?"

"आहे ना. चालूच आहे, बादली भरायला लावलीय, दुपटी भिजवायची आहेत अजून."

"उठवा त्यांना," मी म्हणाले. "गिझर बंद करा, दारं उघडा, आणि एकेकाला उचलून बाहेर आणा. मला काही विचारू नका. पळा."

फोन कुठेतरी आपटल्याचा आवाज झाला, पण चालू राहिला. मी तो आम्हा दोघींच्या मधे बाकावर ठेवला आणि आवाज मोठा केला. दारं आपटली. बाईच्या पायांचा आवाज. मग एक मूल चिडून रडायला लागलं, झोपमोड झाल्यावर रडतात तसं. मग दुसरं.

"किती मुलं आहेत तिच्याकडे?" भिंगरीच्या आईनं विचारलं.

"पाच."

तिनं बोटं मिटायला सुरुवात केली. तिसरं रडलं. चौथं बारीक आवाजात कण्हलं, मग तेही रडायला लागलं. बाई कुणाला तरी नावानं हाका मारत होती, पुन्हा पुन्हा एकाच नावानं. पाचवं रडायला फार वेळ लागला. ते रडलं तेव्हा भिंगरीच्या आईनं डोळे पुसले, उठली आणि आत आपल्या पोरीच्या कॉटशी जाऊन उभी राहिली. तिची अजून रडली नव्हती.